भाषांतर आणि सत्यधर्म

परक्या भाषेतील कथा आपल्या भाषेत आणणारा मनुष्य दोघांचा ऋणी असतो. ज्याने ती कथा रचली त्याचे एक ऋण, आणि ज्याला ती ऐकवावयाची त्याचे दुसरे. या दोन ऋणांत विरोध उत्पन्न झाला तर कथा कोठवर बदलावी, हा प्रश्न वरवर वाङ्मयीन दिसला तरी मुळात नीतीचा आहे. आज तो ग्रंथांपेक्षाही अधिक ठळकपणे जपानी कार्टून-चित्रपटांच्या बाबतीत उभा राहतो. घरोघरची मुले ते आवडीने पाहतात. तेव्हा पोरखेळ म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे.

चित्र तेच ठेवून संवाद दुसऱ्या भाषेत नव्याने ध्वनिमुद्रित करणे, याला डबिंग म्हणतात. पात्राचे ओठ हलतात तेवढ्याच अवधीत नवे वाक्य बसवावयाचे असल्यामुळे शब्दशः भाषांतर तेथे शक्यच नसते. इतका फेरफार कोणीही क्षम्य मानील. परंतु गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. 'पोकेमॉन' ही मालिका १९९८ साली अमेरिकेत गेली तेव्हा सातोशी नावाचा मुलगा ॲश झाला, आणि पुढे एका भागात पडद्यावर भाताचे मुटके स्पष्ट दिसत असता संवादात त्यांना जेली भरलेले डोनट म्हटले गेले. 'डोरेमॉन' २०१४ साली तेथे दाखविताना जेवणाच्या काड्यांच्या जागी काटे आले आणि नोबिताचा नोबी झाला. आपल्याकडे हिंदीत नोबिता हा नोबिताच राहिला. त्यामुळे एकाही भारतीय मुलाचे काही अडल्याचे दिसत नाही.

याहून गंभीर उदाहरण 'ड्रॅगन बॉल झेड' या मालिकेचे आहे. संस्कृतातील यम बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेला, तेथून जपानात पोहोचला आणि 'एन्मा' या नावाने तेथील लोकांच्या मनात स्थिरावला. या मालिकेत तो मेजामागे बसून मृतांचा निवाडा करताना दिसतो. १९९६ पासून अमेरिकेत दाखविलेल्या आवृत्तीत पात्रे मरेनाशी झाली. ती 'दुसऱ्या मितीत' जाऊ लागली. नरकातील राक्षसांच्या अंगरख्यांवर नरकवाचक 'हेल' हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत लिहिलेला होता. त्यातील अक्षरे बदलून एक निरर्थक शब्द बनविला गेला आणि 'अनंत पराभूतांचे घर' असा त्याचा अर्थ लावून दिला गेला. मौज अशी की एन्माचे नाव 'येम्मा' म्हणून टिकले. न्यायाधीश राहिला, पण त्याचा नरक गेला. मरणोत्तर निवाडा राहिला, पण मरण गेले!

हे करणाऱ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. लहान मुलांच्या वेळेत काय दाखवावे याविषयी तेथील प्रक्षेपकांचे नियम कडक होते, आणि मुलांच्या कोवळ्या मनाची काळजी करणे हा काही अपराध नव्हे. कोणत्या वयाच्या मुलास काय दाखवावे हे ठरविण्याचा अधिकार पालकांचा आहेच. तथापि न दाखविणे वेगळे आणि खोटे दाखविणे वेगळे. एखादा भाग मुलापासून दूर ठेवला तर ते योग्य वेळेची वाट पाहते. पण मेलेला मनुष्य मेला नाही असे सांगितले तर त्याच्या विश्वासाचा भंग होतो. आपल्या कठोपनिषदातील नचिकेता हा बालकच होता. त्याला यमाच्या दारी नेणाऱ्या ऋषींना मुलापुढे मृत्यूचा प्रश्न मांडण्यात संकोच वाटला नाही. उलट तो प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांनी बालकाच्याच ठायी पाहिले.

येथे कोणी विचारील की, आपल्या संतांनी तरी मूळ कथा जशीच्या तशी कोठे ठेवली? ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचा विस्तार केला. एकनाथांनी रामकथेला भावार्थाची जोड दिली. देवळात कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आख्यानात पदरचे प्रसंग घालतातच. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तरही त्याच परंपरेत आहे. संत आपल्या रचनेवर आपल्या नावाची मुद्रा उमटवितात. हे माझे निरूपण आहे, मूळ ग्रंथ त्या पलीकडे आहे, अशी ती जाहीर कबुली असते. श्रोत्यांनाही व्यासांचे कोणते आणि बुवांचे कोणते याची जाण असते. डबिंगमधील बदल मात्र निनावी असतो. मुटक्याला डोनट म्हणणारा पडद्याआड राहतो आणि मूल समजते की मूळ कथाच अशी आहे.

निनावी बदल कोठवर जातो पाहा. हायाओ मियाझाकी यांच्या १९८४ सालच्या 'नौसिका' चित्रपटात विषारी अरण्य वस्तुतः भूमीतील विष शोषून तिला शुद्ध करीत असते आणि महाकाय कीटक त्याचे रक्षक असतात. १९८५ च्या अमेरिकन आवृत्तीत वीस मिनिटांहून अधिक भाग कापला गेला, नायिकेची झँड्रा झाली, आणि कीटक निव्वळ शत्रू वाटू लागले. कथेचा आत्माच उलटला. त्यानंतर आपल्या चित्रपटांना कात्री लावू द्यावयाची नाही, असा दंडक त्यांच्या संस्थेने घातला. 'प्रिन्सेस मोनोनोके' १९९९ साली अमेरिकेत गेला तेव्हा इंग्रजी संवाद नव्याने लिहविले गेले, तरी चित्रपट अखंड राहिला. शब्द मोकळे आणि अर्थ शाबूत, हे साधते, याचा तो पुरावा होय.

या प्रश्नाची खरी कसोटी आपल्या स्वतःच्या अंगणात आहे. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने राम मोहन यांच्या सहकार्याने १९९२ साली रामायणावर कार्टून-चित्रपट पूर्ण केला. परदेशीयाने रामकथेस हात घालावा काय, अशी शंका तेव्हा आपल्याकडे उठली होती. त्या चित्रपटात वसंत देव यांची संस्कृत गीते आहेत. राम तेथे रामच आहे आणि वनवास हा वनवासच. एखाद्या परक्या देशातील मुलांना मानवत नाही म्हणून वनवासाची सहल केली असती, किंवा दशरथ पुत्रशोकाने मेला नाही, दूर गावी गेला, असे सांगितले असते, तर आपणांस ते रुचले असते काय? जे आपल्या रामाविषयी आपण सहन करणार नाही, ते दुसऱ्याच्या एन्माविषयी आपणही करू नये, आणि दुसऱ्याने केलेले मुकाट्याने मान्यही करू नये. बदल करणे अपरिहार्य असेल तर तो अवश्य करावा. मात्र त्यावर आपल्या नावाची मुद्रा उमटवावी. सत्यधर्माची भाषांतरकाराकडे एवढीच मागणी आहे.