स्मरण आणि चिकित्सा : रिद्धपूरची एक जोडी

दोन माणसांनी मिळून एखादे कार्य हाती घेतले आणि त्यांची विचार करण्याची रीत निराळी असली, तर ते कार्य उजळते की दुभंगते, या प्रश्नाचा विचार करताना भारतीय दर्शनांचा आधार घेता येतो. सांख्यांचा पंगु-अंध न्याय, म्हणजे पाहू शकणारा पांगळा आणि चालू शकणारा आंधळा एकमेकांच्या आधाराने वाट काढतात हा दृष्टांत, मुळात प्रकृती-पुरुषांच्या संयोगासाठी योजलेला आहे. त्यात उणिवांची भरपाई होते, परंतु कोणी कोणाच्या म्हणण्याची पारख करीत नाही, म्हणून मानवी सहकार्याला तो अपुरा पडतो. न्यायदर्शन येथे अधिक उपयोगी ठरते, कारण ते सत्यनिर्णयासाठी केलेला वाद, विजयासाठी केलेला जल्प आणि स्वपक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा असा भेद करते.

या भेदातील वादाचे उत्तम उदाहरण विदर्भातच आहे. तेथील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थ असून, तेथे सुमारे १२७८ साली पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणींचा, म्हणजे लीळांचा, ‘लीळाचरित्र’ हा संग्रह सिद्ध झाला. स्वामींच्या पश्चात पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य हे त्यांच्या सन्निधानात वावरलेले, स्मरण हीच साधना मानणारे. तर म्हाइंभट हे शास्त्राध्ययनात मुरलेले पंडित. म्हाइंभटांनी लीळा प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडे जाऊन त्या मिळवाव्यात आणि नागदेवाचार्यांनी त्या पारखाव्यात, अशी वाटणी झाली. श्रद्धेला चौकशी सोसत नाही ही समजूत येथे टिकत नाही. स्वामींचे बोलणे जसेच्या तसे जपायचे याविषयी दोघांचे एकमत होते, आणि त्या एकमतामुळेच वृत्तिभेद कामाला आला.

टिळक आणि आगरकर यांच्यात मात्र वृत्तिभेद असा कामाला आला नाही. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिलेले हे दोघे बुद्धीने, त्यागाने तुल्यबळ होते, परंतु समाजसुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी हा भेद साध्याविषयीचा होता, आणि म्हणूनच १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला.

रिद्धपूरच्या त्या लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. आज वाचायला मिळणारा ग्रंथ अनुयायांनी आठवणींतून पुन्हा सिद्ध केला असून, त्यात एकाच लीळेचे निरनिराळे पाठ सांगणाऱ्यांच्या नावांसह जपलेले आढळतात.