‘पुरे’ म्हणणारा कोण?

माउली, परदेशी सहलीत बुफेचे ताट हाती आले की मन हिशेब मांडते : पैसे भरलेच आहेत, आता वसूल करू! हा मोह जाणून मांडलेला असतो. अमेरिकेत लास व्हेगास इथे १९४०च्या दशकात ‘एल रांचो व्हेगास’ हॉटेलाने एका डॉलरात हवे तितके जेवण ठेवले, ते जुगारी गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून. आज तिथल्या बुफेत सुशीपासून पास्त्यापर्यंत देशोदेशीचे पदार्थ एका छताखाली असतात.

आपल्या पंगतीत वाढपी आग्रह करतो आणि आपण ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणतो. बुफेत वाढपीही आपणच, जेवणारेही आपणच. मग जिभेला ‘पुरे’ कोण म्हणणार? एकादशीचा उपवास हा याच शब्दाचा पंधरवड्यातून एकदा केलेला सराव आहे. तो अशा ठिकाणी कामी यावा.

म्हणून आधी एक फेरी रिकाम्या हाताने मारा, पोटाला विचारा, मग घ्या. भांड्यात राहिलेले कदाचित दुसऱ्याच्या मुखी लागेल. आपल्या ताटात उष्टे झालेले कोणाच्याच नाही. आपण भरले ते जेवणाचे पैसे. अन्न वाया घालवण्याचा हक्क त्यात विकत मिळत नाही.