भय, अभय आणि सूर्याचे चित्र

अणुविजेपेक्षा सूर्याची आणि वाऱ्याची वीज बरी, हे पटवणारे पोस्टर काढायला घेतले की धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न समोर येतो. हेतू चांगला असेल, तर माणसाला भीती घालून वळवावे का? पोस्टरकडे येणारा-जाणारा क्षणभर पाहतो, आणि तेवढ्यात सर्वांत लवकर पोहोचते ती भीतीच. पापी माणसाला उकळत्या कढईत टाकणाऱ्या यमदूतांची चित्रे जत्रेत विकली जात, त्यांचेही बळ हेच होते.

सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्याच्या वडूजसारख्या गावी शाळेत हा विषय दिला, तर ड्रॉइंग शीट कशी रंगेल हे सहज सांगता येते. मधोमध रेघ. डावीकडे काळा रंग, कवटी आणि कमरेत बारीक झालेले प्रचंड धुराडे, त्यातून निघणारा करडा धूर. उजवीकडे हिरवे डोंगर, पवनचक्क्या, पिवळाधमक सूर्य. यातले धुराडे मुळात धुराडेच नाही. तो पाणी थंड करण्याचा मनोरा असतो आणि त्यातून बाहेर पडते ती वाफ. शिवाय १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूरला असा मनोरा लागत नाही, कारण तिथे थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी वापरतात. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ मडबनला ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प ठरला, तेव्हा मच्छीमारांच्या विरोधाचे एक मोठे कारण हेच होते: समुद्रात परत सोडले जाणारे गरम पाणी आणि त्याने मासळीवर येणारे संकट. खोटे धुराडे काढले की ही खरी तक्रार चित्रातून पुसली जाते.

भीतीविषयी दोन विचार समोरासमोर उभे आहेत. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते, आणि गांधीजींच्या एकादश व्रतांतही अभय आहे. भ्यालेला माणूस विचार करत नाही, तो फक्त पळतो. उलट जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ च्या ग्रंथात मांडले की, ज्या कृतीचे परिणाम न जन्मलेल्या पिढ्यांना भोगायचे आहेत, तिथे अनिष्टाची शक्यता आधी मनात आणणे हे कर्तव्यच आहे. अणुकचऱ्यातले प्लुटोनियम-२३९ निम्मे उरायला सुमारे २४,००० वर्षे लागतात. ज्ञानेश्वरी लिहून झाली त्याला सव्वासातशे वर्षांहून थोडा अधिक काळ लोटला. तेवढा काळ तीसहून अधिक वेळा जाईल, तेव्हा हे प्लुटोनियम निम्मे होईल. ही भीती खरी आहे आणि ती दाखवलीच पाहिजे. कवटी मात्र यातले काहीच सांगत नाही. ती विचार जागा करण्याऐवजी बंद पाडते.

त्याहून अवघड प्रश्न अर्धसत्याचा. अश्वत्थामा मेला हे युधिष्ठिराने मोठ्याने सांगितले, हत्तीचा उल्लेख मात्र हळूच केला, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पोस्टरमध्ये मथळा मोठा आणि खुलासा बारीक अक्षरात असतो, म्हणून हा मोह तिथे कायमचाच. अणुविजेतून कार्बन डायऑक्साइड वायू फार कमी बाहेर पडतो, जवळपास पवनविजेइतकाच; हे अणुविरोधी पोस्टर सहसा गाळते. निसर्गातून घेतलेल्या विजेचीही किंमत असते, तीही ते गाळते. सातारा जिल्ह्यातच कोयनेची पाण्यावरची वीज आहे. तिच्यासाठी गावे उठली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, आणि त्या भूकंपाचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळी वाऱ्यात जोरात फिरतात, एरवी मंदावतात. ही किंमत मान्य करूनही सूर्य-वाऱ्याची बाजू घेता येते, आणि ती घ्यावी. सूर्य-वाऱ्याच्या विजेतल्या चुकीचे परिणाम बहुतेक चूक करणाऱ्यांच्या हयातीतच दिसतात, पवनचक्की उतरवून ठेवता येते. किरणोत्सारी कचरा असा मागे घेता येत नाही.

भीतीवाचूनही चित्र पोहोचते. डेन्मार्कमध्ये १९७५ साली ॲन लुंड या विद्यार्थिनीने पिवळ्यावर लाल हसरा सूर्य काढला. भोवती अणुऊर्जेला नम्र नकार. तो अनेक भाषांत जगभर गेला. खटाव तालुक्यातल्याच औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि सूर्यनमस्कार त्यांनी संस्थानच्या शाळांत रुजवला. सूर्याचा असा प्रचार या मातीला परका नाही.

मडबनवर पोस्टर काढायचे असेल, तर कवटी आणि धुराडे काढू नये. तिथल्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांची होडी काढावी, तिच्याखालचे पाणी काढावे, आणि वर सूर्य.