आधी ऐकून घ्या

रत्नागिरीतल्या एखाद्या घरात मध्यरात्री आजी पडवीत येरझाऱ्या घालत असते. अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं. चाललं की थांबतं. आडवं झालं, की पुन्हा तेच.

घरचे म्हणतात, ‘मनाचे खेळ.’ नका असं म्हणू. आधी ऐकून घ्या. स्वीडनच्या डॉक्टर एकबॉम यांनी पाय अस्वस्थ करणाऱ्या या व्याधीचं सविस्तर वर्णन केलं. आजही तिचं निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. न दिसणारं दुखणं विश्वासानेच कळतं. म्हणून आधी ऐकून घ्या.

या त्रासामागे पुष्कळदा शरीरातलं लोह कमी पडलेलं असतं. रक्त तपासलं की समजतं, उपचारही होतात. चहाने हा त्रास वाढू शकतो, म्हणून आज संध्याकाळी आजीला चहाचा आग्रह करू नका. रात्री तिच्या पोटऱ्या चोळून द्या. आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.