ताट वाढताना



येत्या बुधवारी आपण कपाळावर राख घेऊ आणि उपवासकाळाला आरंभ करू. त्याआधी एक गोष्ट आम्हांला तुमच्यापुढे कबूल करायची आहे.

गेल्या वर्षी पाऊस संपल्यावर एका नव्या घराच्या आशीर्वादासाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना झाली, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडले, मग अंगणात पंगत बसली. आमच्या शेजारी बसलेले गृहस्थ जेमतेम पन्नाशीचे. डुकराचे इंद्याल आणि गरम फुगे घेऊन वाढपी आले, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "फादर, डॉक्टरांनी बंद केलंय. मागच्या महिन्यात प्रेशर फार वाढलं होतं." त्यावर आम्ही काय म्हणालो? "अहो, आजचा दिवस चालतं. घरधन्याचं मन मोडू नका." त्यांनी हसून हात काढला. घरधन्याने दोनदा वाढले. नाताळच्या आधी, आगमनकाळात, त्यांच्याच अंत्यविधीची मिस्सा आम्ही अर्पण केली.

एका जेवणाने कोणी मरत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात चरबीचा थर वर्षानुवर्षे साचत असतो. वाढलेला रक्तदाब, रक्तातील साखर आणि तंबाखू त्या अस्तराला इजा करत राहतात. एके दिवशी त्या थराला तडा जातो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. म्हणजे झटका जरी एका पहाटे आला, तरी त्याची तयारी वीस-पंचवीस वर्षे चाललेली असते. पण त्या वीस-पंचवीस वर्षांत त्या भल्या माणसाने किती ताटांवर हात आडवा धरला असेल? आणि किती जणांनी प्रेमाने म्हटले असेल, "आजचा दिवस चालतं"? लग्न, साखरपुडा, बाप्तिस्मा, धर्मग्रामाचा सण, महिन्याची मिस्सा झाल्यावरचे जेवण. आपल्याकडे 'आजचे दिवस' पुष्कळ. त्या सगळ्या आग्रह करणाऱ्यांत आम्हीही एक होतो, आणि आमच्या अंगावर तर झगा होता.

म्हणून आज खादाडपणाच्या पापावर बोलायचे नाही. ते प्रवचन तुम्ही पुष्कळदा ऐकले आहे, आणि जेवणाऱ्याला बोल लावणे सोपे असते. आज वाढणाऱ्याविषयी बोलायचे आहे.

दानीएलाची गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. बाबेलच्या राजाने आपल्या पंक्तीचे मिष्टान्न आणि द्राक्षारस देऊ केला असता दानीएलाने तो नाकारला. दहा दिवस आम्हांला फक्त भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, असे त्याने कारभाऱ्याला विनविले (दानीएल १:८-१६). दहा दिवसांनी त्यांची तोंडे इतरांपेक्षा टवटवीत दिसली. काही जण हा उतारा पथ्याच्या जाहिरातीसारखा वापरतात. तसे करू नये. दानीएलाला वजन कमी करायचे नव्हते, त्याला देवाशी एकनिष्ठ राहायचे होते. पण एक बारकावा आपल्या नजरेतून सुटतो. दानीएल एकटा नव्हता. हनन्या, मिशाएल आणि अजऱ्या त्याच्याबरोबर तेच जेवत होते. चौघांचे ताट एकसारखे होते. राजाच्या पंक्तीला बसून एकट्यानेच भाजी मागायची असती, तर दहा दिवस निभावणे दानीएलालाही जड गेले असते, असे आम्हांला वाटते.

हे नुसते आमचे वाटणे नाही. आपल्या काळात एका संपूर्ण जिल्ह्याने ते करून दाखविले आहे.

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून, उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. जंगले, तळी, लांबलचक हिवाळा. तिथले पुरुष लाकूडतोडे किंवा लहान शेतकरी, म्हणजे अंगमेहनत करणारे. तरी १९७० च्या सुमारास तिथे ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने इतके दगावत होते, की जगात त्याला तोड नव्हती. आपल्याकडे अजून म्हणतात, "वाडीत राबणाऱ्याला काही होत नाही." त्या लाकूडतोड्यांकडे पाहिले की हा भ्रम उतरतो. त्यांच्या खाण्यात लोणी, साईचे दूध, चरबीचे मांस आणि मीठ भरपूर होते. भाज्या आणि फळे फार थोडी. त्यात विड्या-सिगारेटी. कितीतरी घरांत एक विधवा, किंवा वडिलांना लवकर गमावलेली मुले. शेवटी १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला, की आमच्यासाठी काहीतरी करा. १९७२ मध्ये काम सुरू झाले. त्याची धुरा पेक्का पुस्का नावाच्या, तिशीही न गाठलेल्या डॉक्टरांकडे होती.

नुसती औषधे वाटून भागणार नव्हते. पुस्कांच्या माणसांनी गृहिणींच्या मार्था या संघटनेला हाताशी धरले. (हे नाव आपल्या बेथानीच्या मार्थेवरूनच आले आहे. पाहुण्यांसाठी रांधण्यात जिचा जीव गुंतला होता, तीच ती.) या बायकांनी गावोगाव संध्याकाळची जेवणे ठरविली. पदार्थ त्यांचे स्वतःचे, आजीच्या हातचे, पण लोणी आणि मीठ कमी, भाज्या जास्त. सगळे गाव एकत्र बसून जेवे, मग गप्पा होत. गावात ज्यांचा शब्द मानला जातो अशा शेकडो साध्या माणसांना शिकवून तयार केले गेले. एका सॉसेजवाल्याला पटवून चरबीच्या जागी अळंबी घालायला लावली. दूध-लोण्याचा धंदा करणाऱ्यांनी अर्थातच विरोध केला. त्यांचेही पोट त्यावरच होते. तेव्हा शेतकऱ्यांना रानफळांच्या लागवडीकडे वळण्यासाठी मदत देण्यात आली. पुढे तर कोणत्या गावाचे कोलेस्टेरॉल जास्त उतरते, अशा गावागावांत स्पर्धाही झाल्या.

फळ काय मिळाले? ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू पुढील चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. यातला काही वाटा धूम्रपान सोडल्याचा, काही रक्तदाबाच्या औषधांचा आणि नव्या उपचारांचा आहे. पण कोलेस्टेरॉल उतरण्याचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि ते मुख्यतः खाणे बदलल्याने उतरले होते. कोणा एकाने मन घट्ट करून हे साधले नाही. बदलले ते सगळ्या गावाचे ताट.

आता आपल्याकडे वळू. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याविषयी ५२ देशांत झालेला 'इंटरहार्ट' हा मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीनुसार आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर ठिकाणी ५९ च्या सुमारास. म्हणजे मुलांची लग्ने व्हायच्या आधीच. त्याच अभ्यासात धोक्याची जी कारणे पुढे आली, त्यांत तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांची कमतरता आणि व्यायामाचा अभाव ही आहेत. यांतली निम्मीअधिक थेट किंवा आडवाटेने स्वयंपाकघरातून जातात. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. आपल्यातले कित्येक हातापायांनी बारीक दिसतात, पण पोट पुढे आलेले असते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला, की सावध व्हावे असे डॉक्टर सांगतात. शिंप्याच्या टेपला खोटे बोलता येत नाही.

आपल्या वसईचे तर दुहेरी नुकसान झाले आहे. आपले वाडवडील भाजी पिकवणारी माणसे. पहाटेच्या गाडीने भाजी, फुले, केळी घेऊन मुंबईच्या बाजारात जात. सणाचे जेवण वर्षातून मोजक्या वेळा होई, आणि तेवढे पचवण्याइतके काम अंगात मुरलेले असे. आता बावखले बुजली, वाडीच्या जागी इमारत उभी राहिली, दिवस खुर्चीवर जातो. ताटातले सणाचे पदार्थ मात्र दर रविवारचे झाले. पूर्वीचे सगळे चांगले होते असे आमचे म्हणणे नाही. खारवलेल्या सुक्या मासळीत पूर्वीही मीठ भारीच असे. ती खावीशी वाटली तर आधी पाण्यात चांगली भिजवून, ते पाणी टाकून द्यावे आणि भाजीत चवीपुरतीच घालावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट एक चमचाही नाही. लोणचे, पापड, वेफर्स आणि फरसाण यांतले मीठ त्याच चमच्यात मोजायचे आहे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये, हे केटररला स्पष्ट सांगावे. पांढऱ्या भाताचा डोंगर थोडा उतरवून त्या जागी डाळ, कडधान्य, पालेभाजी घ्यावी. ओली मासळी चांगली, पण रश्श्यातली, दरवेळी तळलेली नव्हे.

शुक्रवारच्या पाळणुकीविषयीही इथेच बोलतो. मांस वर्ज्य म्हणून आपण शुक्रवारी पापलेट आणि मोठी कोळंबी तळतो. नियम पाळला जातो, प्रायश्चित्त कुठे आहे ते शोधावे लागते. आणि पौलाने तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तिमथी ५:२३), हे वचन आपल्या पुरुष मंडळींना फार पाठ असते. दारूची कोणतीच मात्रा पूर्णपणे निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. तिमथीच्या काळी पिण्याचे पाणी कसे होते, याचाही थोडा विचार करावा.

त्याच पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल लिहिले. माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी मांस खाणारच नाही, असा त्याचा भाव आहे (१ करिंथ ८:१३). पौलाच्या मनात कोलेस्टेरॉल नव्हते, भावाची विवेकबुद्धी होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण मला परवडते, मला पचते, एवढ्यावर तो थांबला नाही. शेजारी बसलेल्याला काय होईल, हे त्याने आधी पाहिले. आम्ही त्या अंगणात ते पाहिले नाही. घरधन्याचे मन आम्हांला दिसले, शेजाऱ्याचे हृदय दिसले नाही.

पाहुणचार हा आपला मोठा गुण आहे, तो कमी व्हावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. प्रभू येशू स्वतः लोकांच्या पंक्तीला बसला. फक्त ताटावर आडवा आलेला हात हा अपमान समजू नये. "घ्या हो"च्या ऐवजी "तुम्हांला काय चालेल?" असे विचारावे. आणि जी वहिनी सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले भात-रस्सा घेऊन बसते, तिच्या ताटात भाजी उरते का, तेही पुरुषांनी पाहावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, किंवा बाईमाणसाला नुसताच विलक्षण थकवा आणि मळमळ वाटली, तर "गॅस असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

उपवासाविषयी काही सूचना. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. आजाऱ्यांना ख्रिस्तसभा उपवासाची सक्ती करत नाही, आणि साठीला पोहोचलेल्यांनाही नाही. औषधे तर कोणीच मनाने बंद करू नयेत. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारून मगच घ्यावे.

राख बुधवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर सभागृहात सर्वांसाठी साधी पेज, मुगाची उसळ आणि एक पालेभाजी ठेवली आहे. आपल्या धर्मग्रामातील परिचारिका भगिनी दाराशी बसून रक्तदाब तपासतील. लहान ख्रिस्ती समूहांनी आपापल्या वाडीतील भाजी मंगळवारी दुपारपर्यंत महिला मंडळाकडे आणून द्यावी. उसळीला किती मीठ घालायचे, हे ठरवण्याचे काम आगमनकाळात ज्यांच्या घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो, त्या वहिनींनी मागून घेतले आहे.