कोपरा भरून निघत नाही



आज सुतारकामातील एक बारीकशी गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. धम्माच्या पाक्षिकात सुतारकाम कशाला, असे कोणी विचारील. परंतु शेतकरी, कुंभार, सोनार, सुतार अशी हाताने काम करणारी माणसे भगवान बुद्धांच्या उपदेशात जागोजागी भेटतात. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

म्हैसूरचे जडावकाम तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. शिसवीच्या काळसर फळीत निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे बसवून हत्ती, झाडे, वेलबुट्टी उठवितात. पूर्वी हस्तिदंतही बसवीत; तेथील राजवाड्याच्या शिसवी दारांवर तो आजही दिसतो. आता त्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे. दार सजविण्यासाठी हत्तीचा जीव घेण्याची गरज कधी नव्हतीच, हे साध्या रंगीत लाकडाने दाखवून दिले! आपल्याकडेही कपाटाच्या दारावर किंवा टेबलाच्या कडेने अशी नक्षीची पट्टी बसविण्याची हौस असते. सरळ पट्टी कोणीही बसवील. कामाची परीक्षा होते ती कोपऱ्यात.

पट्टीसाठी फळीत जी खाच खणतात, तिचा कोपरा नेमका काटकोनात लागतो. आजकाल राउटर नावाचे यंत्र खाच झटपट खणते. पण त्याचे पाते गोल फिरते, आणि गोल फिरणाऱ्या पात्याला आतला चौकोनी कोपरा काढता येत नाही. ६ मिलिमीटर व्यासाचे पाते असेल तर कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहतेच, मग यंत्र कितीही महागाचे असो. तेवढा कोपरा माणसाला हातात पटाशी घेऊनच काढावा लागतो.

तो कसा काढतात? जाणता कारागीर येथे पेन्सिलीवर विसंबत नाही. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते. अलीकडून कापायचे की पलीकडून, हा घोळ तेथेच सुरू होतो. तो गुण्या लावून धारदार सुरीने रेघ कोरतो. त्या कोरीव रेघेत पटाशीची धार नेमकी जाऊन बसते. पटाशीची सपाट पाठ रेघेकडे ठेवायची, उतरती बाजू टाकाऊ लाकडाकडे. पहिला घाव रेघेवर घालायचा नाही, कारण मधले लाकूड शाबूत असताना ठोकले तर पटाशी मागे सरकून रेघ ओलांडते. आधी आतले लाकूड काढायचे, मग पातळ पातळ साल काढीत रेघेवर यायचे. काप आधी लाकडाच्या तंतूंना आडवा घ्यायचा. तंतूंच्या दिशेने आधी ठोकले तर फळी भलतीकडेच चिरत जाते. आणि धार बोथट असेल तर तंतू कापले न जाता चेंगरतात. म्हणून धार लावण्यात गेलेला वेळ फुकट गेला असे कोणी समजू नये.

घाईचा कारागीर काय करतो? कोपरा वेडावाकडा फोडतो, तुकडा कसाबसा बसवितो, राहिलेल्या फटीत भुसा आणि सरस यांचा लगदा दाबतो आणि वरून पॉलिश मारतो. दुकानात कपाट छान दिसते. पुढे पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आखडते. लगदा त्याच्याबरोबर हलत नाही. काही वर्षांतच कोपऱ्यात काळी चीर दिसू लागते.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या घराचे कोपरे पाहू या. दर्शनी भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर लागली. मुलाचे लग्न बौद्ध पद्धतीने लागले. उत्तम झाले. पण लग्नाची बोलणी बसली त्या रात्री आतल्या खोलीत काय झाले? हुंड्याचा आकडा ठरला काय? मुलगी शिकलेली, गुणी, बौद्ध घरातली. तरी “ती आपल्यातली नव्हे” म्हणून जुन्या पोटजातीचा हिशेब कोणी काढला काय? पोर तापाने फणफणले तेव्हा दवाखान्याच्या आधी अंगारा आठवला काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. ती सुरीने कोरलेली रेघ आहे. तिच्या अलीकडे की पलीकडे, असा घोळ घालायला तिला जाडीच नाही. मिरवणूक मोठी काढली म्हणून आतल्या खोलीतला कोपरा चौकोनी होत नाही.

अंगुत्तर निकायात पचेतन राजाच्या रथकाराची गोष्ट आहे. राजाने सहा महिन्यांत चाकांची जोडी मागितली. सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होते. दुसरे रथकाराने त्या सहा दिवसांत उरकले. राजाला दोन्ही सारखीच दिसली. रथकाराने ती फिरवून दाखविली. सहा दिवसांचे चाक वेग सरताच गरगरून पडले. पहिले वेग सरल्यावरही आसात बसविल्यासारखे उभे राहिले. कारण घाईच्या चाकाची धाव, आरे आणि तुंबा यांत वाकडेपणा राहिला होता. तसाच वाकडेपणा काया, वाचा आणि मन यांत राहतो, असे भगवंतांनी भिक्षूंना सांगितले.

यावर एखादी माऊली म्हणेल, “भाऊ, साठ वर्षांची सवय एका दिवसात कशी जाईल?” माऊली, एका दिवसाची अट कोणी घातलेली नाही. वाकसाच्या दांड्यावर सुताराच्या बोटांचे ठसे उमटतात. आज किती झिजला, काल किती, हे त्याला सांगता येत नाही, पण झिजला हे दिसते. हा दाखलाही बुद्धांचाच आहे, संयुत्त निकायातला. म्हणून तरुणांनो, आजीच्या हातातले देवाचे टाक हिसकावून फेकू नका. तो तंतूंच्या दिशेने घातलेला घाव आहे. त्याने घर चिरते. तिच्याजवळ बसा, तिचे ऐका, रोज एक साल काढा. हुंड्याची गोष्ट मात्र निराळी. तेथे सवड मागणारा बहुधा पैसे मोजून घेण्यासाठीच मागतो.

आणखी एक. सुतारकी पिढ्यान्‌पिढ्या जन्माने बांधलेली होती. आज आपली मुले आय.टी.आय.मध्ये ती शिकू शकतात, तर जरूर शिकावी. उद्या त्यांना एखादा ठेकेदार सांगेल, “भर लगदा आणि मार पॉलिश, गिऱ्हाइकाला काय कळते!” सम्यक आजीविकेचा प्रश्न तेव्हा समोर उभा राहील. त्याची तयारी आजच करावी. सागवानाचा एक टाकाऊ तुकडा घ्या, त्यात पाच सेंटिमीटरची चौकोनी खाच मुलाला हाताने काढू द्या. मग कोपऱ्यात गुण्या टेकवा, आणि घरातल्या सर्वांनी वाकून पाहा.