श्रवण, संहिता आणि ऋणाचा प्रश्न

एखादी धून 'तीच' आहे असे कशाच्या आधारे म्हणावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सौंदर्यशास्त्राचा वाटतो. नेल्सन गुडमन यांनी 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (१९६८) या ग्रंथात त्याला दिलेले उत्तर कठोर आहे. स्वरलेख हा संगीतकृतीची ओळख निश्चित करतो. त्याच्याशी पूर्णतः जुळणारे वादन तेवढेच त्या कृतीचे वादन होय. एक स्वर चुकला तरी ते त्या कृतीचे वादन राहत नाही, कारण एका स्वराची सूट दिली की दुसऱ्याची नाकारता येत नाही, आणि अशा सवलतींच्या मालिकेतून कोणतीही कृती दुसऱ्या कोणत्याही कृतीपर्यंत नेऊन पोहोचवता येते. तर्क म्हणून यात खोट काढणे अवघड आहे. परंतु ज्या परंपरेत स्वरलेख असला तरी तो अखेरचा शब्द मानला जात नाही, तिच्यापाशी आल्यावर या प्रश्नाला नैतिक बाजू फुटते. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील फिडलवादन ही अशी एक परंपरा आहे. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य एकच, ते वाजवण्याची आणि शिकण्याची रीत निराळी.

स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या खोऱ्याने एका नृत्यसंगीताच्या प्रकाराला आपले नाव दिले आहे. 'स्ट्रॅथ' म्हणजे नदीचे रुंद खोरे, त्यावरून 'स्ट्रॅथस्पे'. अशा एखाद्या नदीकाठी शनिवार-रविवार तंबू ठोकून दहा-पंधरा जण फिडल शिकावयास जमले आहेत, अशी कल्पना करावी. कोणासमोर कागद नाही. शिक्षक धुनीचा एक तुकडा वाजवतो, शिकणारे तो वाजवून पाहतात, तो पुन्हा वाजवतो. धुनीचे सामान्यतः दोन भाग असतात. प्रत्येक आठ मात्राखंडांचा आणि प्रत्येक दोनदा वाजवावयाचा, म्हणजे एक आवर्तन बत्तीस खंडांचे. संध्याकाळपर्यंत बहुतेकांच्या बोटांना स्वर सापडलेले असतात. तरीही शिक्षक मान हलवतो. स्ट्रॅथस्पेचे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे ह्रस्व स्वरावर झटका देऊन लगेच दीर्घावर जाणे. स्वरलेखात हे एकास तीन अशा प्रमाणात लिहिता येते. प्रत्यक्षात ते प्रमाण वादकागणिक आणि नाचाच्या गतीनुसार सरकत राहते. अठराव्या शतकात टे नदीच्या परिसरातील इन्व्हर येथे राहिलेल्या नील गाऊ या वादकाची ख्याती त्याच्या वर जाणाऱ्या गजाच्या जोरासाठी होती. हा जोर कानाला कळतो. कागदावरच्या बाणाने त्याची दिशा तेवढी कळते.

अशा शिबिरात एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. तिघांनी तीन प्रकारे वाजवलेल्या एकाच तुकड्यापैकी दोन शिक्षक मान्य करतो आणि तिसरा नाकारतो. मान्य केलेले दोन परस्परांपासून भिन्न असतात. इतकेच नव्हे, तर शिक्षकाचे स्वतःचे दुसरे आवर्तनही पहिल्यासारखे नसते. गुडमन यांच्या निकषाने येथे तेवढ्याच भिन्न कृती मानाव्या लागतील. परंपरेच्या निकषाने मात्र येथे एक धून आणि एक चूक आहे. हा भेद शिक्षक कोणत्या नियमावरून करतो, असे विचारले तर त्याला नियम सांगता येईलच असे नाही. नाचणाऱ्याचे पाऊल कोठे पडते, धुनीचा भार कोणत्या स्वरावर आहे आणि आपण ती ज्यांच्याकडून ऐकली त्यांनी काय चालवून घेतले, या साऱ्यांचा तो निवाडा असतो. धुनीची ओळख येथे संहितेत साठवलेली नाही, ती निवाड्यातून राखली जाते. आणि निवाड्यासाठी जबाबदार माणूस लागतो.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. लेखनापेक्षा उच्चार श्रेष्ठ, अनुपस्थितापेक्षा उपस्थित अधिक खरा, या जुन्या पूर्वग्रहाचाच हा नवा अवतार नव्हे काय? देरिदा यांनी १९६७ साली 'ऑफ ग्रामॅटॉलॉजी'मध्ये या पूर्वग्रहाची जी चिकित्सा केली, तिच्यानंतर 'कानाने शिकणे अस्सल, कागदावरून शिकणे नक्कल' असे म्हणणे भाबडेपणाचे ठरते. फिडलच्या इतिहासातच या द्वंद्वाला छेद देणारी उदाहरणे आहेत. स्लायगो परगण्यातील मायकेल कोलमन (१८९१–१९४५) अमेरिकेत गेला आणि १९२०च्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या आयर्लंडमध्ये परत पोहोचल्या, घरोघर ऐकल्या गेल्या, आणि त्यांच्या प्रभावाखाली अनेक स्थानिक शैली मागे पडल्या. हे शिक्षण संपूर्णतः कानाचे होते. तरीही तबकडी 'नाही' म्हणू शकत नव्हती. याउलट केरी-कॉर्कच्या सीमेवरील स्लीव लुआक्रा भागातील पॉड्रिग ओकीफ (१८८७–१९६३) हा फिरता शिक्षक आपल्या शिष्यांना धुनी लिहून देई. त्याची लिपी स्वतःची होती : तारांसाठी रकाने आणि बोटांसाठी आकडे. हे लेखनच होते, पण एका विशिष्ट शिष्याच्या हातासाठी केलेले. तेव्हा निर्णायक भेद कान आणि डोळा यांच्यातील नाही. चूक दुरुस्त करणारा कोणी आहे की नाही, आणि शिकणारा दुरुस्तीस पात्र राहतो की नाही, हा तो भेद आहे.

संहितेकडेही याच दृष्टीने पाहता येते. कॉर्क परगण्यात १८४८ साली जन्मलेले फ्रान्सिस ओनील १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचे पोलीसप्रमुख होते. देशांतर करून आलेल्या वादकांकडून त्यांनी धुनी जमवल्या. स्वरलेखनाचे काम जेम्स ओनील या सहकाऱ्याने केले. १९०३ साली १,८५० धुनींचा 'म्युझिक ऑफ आयर्लंड' हा संग्रह निघाला आणि १९०७ साली १,००१ नृत्यधुनींचा दुसरा. या संग्रहांनी धुनींना स्थिर रूप दिले आणि त्यामुळे पाठभेद झाकले गेले, असा आरोप करता येईल. परंतु १९०३च्या संग्रहात अनेक धुनींसोबत ती ज्याच्याकडून मिळाली त्याचे नावही छापलेले आहे. ते नाव वाचले की स्वरलेख हा मूळ संहिता म्हणून उभा राहत नाही. एका माणसाने एका दिवशी जे वाजवले त्याची साक्ष म्हणून तो उभा राहतो. साक्षीला प्रतिप्रश्न विचारता येतो.

नदीकाठच्या शिकणाऱ्यापुढचा प्रश्न आता नेमका मांडता येईल. ज्याचा त्या खोऱ्याशी, तेथील भाषेशी, नाचाशी काहीही संबंध नाही, त्याला दोन दिवसांत ऐकलेल्या धुनीवर कोणता अधिकार पोहोचतो? 'केल्टिक' या शब्दाने हा अधिकार ठरत नाही. एडवर्ड लुइड यांनी १७०७ साली ब्रिटन-आयर्लंडमधील काही भाषांचे परस्परनाते दाखवताना हा शब्द योजला. संगीतावरची मोहोर म्हणून तो पुष्कळ उशिरा आला. रक्ताचा दाखला येथे निरुपयोगी आहे. पैशाचाही : शुल्क भरल्याने शिक्षकाचा वेळ मिळतो, धून मिळत नाही. उरते ते ऋण. भारतीय विचारात ऋषिऋणाची जी कल्पना आहे, ती येथे साहाय्यक ठरते. हे ऋण ज्याचे घेतले त्याला परत करावयाचे नसते; स्वतः अध्ययन करून आणि विद्या पुढे देऊन ते फेडावयाचे असते.

मात्र अडचण तेथेच आहे. रविवारी दुपारी तंबू गुंडाळले जातात. दूरध्वनीत मुद्रित केलेली धून घरी जाते. दुरुस्ती करणारा शिक्षक तेथे नसतो. विसरलेल्या तिसऱ्या खंडाच्या जागी हात आपोआप काहीतरी घालतो, काही महिन्यांनी ते काहीतरी धुनीचाच भाग वाटू लागते, आणि पुढे ज्याला ती शिकवली जाते त्याच्यासाठी तो भागच असतो. ऋण फेडण्याची कृतीच येथे खोटा पाठ प्रसृत करू शकते. पुढे न देणे हा कृतघ्नपणा, आणि दिले तर अपराध, असा हा पेच आहे.

या पेचाची सोडवणूक पूर्णतेत शोधणे व्यर्थ आहे, कारण परंपरेतील कोणाही वादकापाशी पूर्ण पाठ कधीच नव्हता. प्रत्येकाने काही विसरले आणि काही भरले. भर घालणे हा दोष नव्हे. भर घातली हे लपवणे हा दोष होय. पाठचिकित्सेला हा भेद परिचित आहे. पोथीतील कीड लागलेली जागा मोकळी ठेवणारा नकलकार आणि ती गुपचूप भरून काढणारा नकलकार यांपैकी दुसऱ्याची पोथी वाचावयास सुगम असते, पण संपादक विश्वास पहिल्यावर ठेवतो. कानाने शिकणाऱ्याकडून अपेक्षित असलेली निष्ठा याहून वेगळी नाही. ही धून अमुक ठिकाणी अमुक माणसाकडून ऐकली, तिसरा खंड नीट ऐकू आला नाही, तेथे हे माझे आहे, एवढे सांगून ती वाजवणारा परका राहत नाही. त्याची चूक कोणी दाखवू शकते, आणि जोवर कोणी ती दाखवू शकते तोवर धून 'तीच' आहे.